कोंडसरची मुकी शिळा

कोंडसरच्या पडक्या टाकसाळीसमोर हातभर रुंदीची एक काळी शिळा आहे. तिच्यावर नाणं टाकलं, तर चिखलात पडल्यासारखा काहीच आवाज येत नाही. पाहुणे दोन-तीनदा टाकून बघतात. "टाका खुशाल," तात्या गुरव त्यांना म्हणतात, "पर पैका उचलून न्या. त्यो देवाला न्हाई." मग भिंतीला टेकून ते सांगू लागतात.

पूर्वी ही शिळा खणखणत असे, असं सांगतात. कोंडसरच्या जहागीरदारांना स्वतःचा चांदीचा रुपया पाडायचा हक्क होता, आणि त्याची पारख अंबाजी पोतदाराकडे होती. नवा रुपया तो शिळेवर टाकी, कान देई आणि म्हणे, "माझ्या घरी चालतो." एवढं म्हटलं की गावात ते नाणं पुन्हा कुणी वाजवून बघत नसे.

एका वर्षी शत्रू चालून येणार अशी हूल उठली. खजिन्यात चांदी उरली नव्हती. जहागीरदारांनी रुपयात तिसरा हिस्सा तांबं घालायला सांगितलं. अंबाजी अडला.

"गडावर तुमचाही गोंदाजी आहे, पोतदार," जहागीरदार म्हणाले. "वेढा पडायच्या आत शिबंदीनं दाणा भरायचा आहे. पगार पोचला नाही, तर तुमचा पोरगा खाणार काय?"

गोंदाजी एकुलता एक. अंबाजीनं रुपया शिळेवर टाकला. तो बद्द वाजला. टाकसाळीतले सगळे खाली बघत राहिले. अंबाजी तो उचलून म्हणाला, "माझ्या घरी चालतो."

गडाच्या पायथ्याचे वाणी मात्र परमुलखातले होते. त्यांना अंबाजीच्या शब्दाशी काय देणंघेणं? त्यांनी नाणी दगडावर आपटली आणि दाण्याची पोती मागं ओढली. आठ दिवसांनी वेढा पडला. तो उठला तेव्हा तीन महिने झाले होते, आणि वरून उपाशी मेलेली माणसं घोंगड्यांतून खाली येत होती. त्यांत गोंदाजी होता. त्याच्या आईनं, भिवराबाईनं, त्याच्या कमरेची थैली सोडली. आत आठ रुपये होते, टाकसाळीतून निघाले तसे कोरे करकरीत.

ती ते घेऊन शिळेपाशी आली. "वाजवा," म्हणाली.

अंबाजीला रडू आलं नाही. त्याला काही म्हणजे काहीच वाटेना. हात मात्र रोजच्यासारखा उठला, रुपया टाकला, कान पुढे झाला. या खेपेला बद्दसुद्धा आवाज आला नाही. आठही टाकून झाले. मग त्यानं आपल्याजवळचा जुना, अस्सल रुपया टाकला. तोही तसाच.

"आता म्हणा की," भिवराबाई म्हणाली, "माझ्या घरी चालतो म्हणून."

पुढं तो अकरा वर्षं जगला म्हणे. ताट वाढलं की जेवे, अंथरूण घातलं की निजे. ते वाक्य त्याच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकलं नाही. गावानं मात्र ते उचललं. ज्यानं त्यानं आपल्या पैशाची ग्वाही आपणच द्यायची, असं ठरलं.

आजही कोंडसरच्या बाजारात पैसे देणारा "माझ्या घरी चालतो" असं म्हणूनच देतो. मोबाइलवरून पैसे धाडणारी पोरंही तेवढं पुटपुटतात. फक्त पोतदारांच्या भावकीतलं माणूस पैसे हातावर ठेवून गप्प राहतं, आणि घेणारा त्याच्याकडून तो शब्द मागत नाही.