धोंड्यांची वाट

समोरच्या बेटावर फिरायला निघालात, पण हातात धोंडा घेतलात का?

किनाऱ्यावर शहाळी विकणारे वृद्ध रुक्माजी मेथर हा प्रश्न प्रत्येकालाच विचारतात. बेट शहरापासून चार मैलांवर आहे. ओहोटीला वाळू उघडी पडते आणि चालत पलीकडच्या देवीच्या देवळापर्यंत जाता येतं. सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसं मुलाबाळांसह इथे येतात. वाळूतून बेटापर्यंत काळ्या धोंड्यांची एक वाकडीतिकडी ओळ गेली आहे. जाणाऱ्याने तिच्यात एक धोंडा ठेवायचा, असा इथला रिवाज. तो कसा पडला, हे रुक्माजी शहाळं सोलता सोलता सांगतात.

फार पूर्वी शहर नव्हतं, या किनाऱ्यावर गाबतांची, म्हणजे मासेमारांची, पंधरा-वीस घरांची वाडी होती म्हणे. तिथल्या येसूचा नवरा संभू घाटावरचा. लग्नानंतर तो इथेच राहिला, जाळी विणायला शिकला, होडीवरही जाऊ लागला. पण सोमवारी होड्या बंद असत, तेव्हा ओहोटी लागली की हा एकटाच बेटाकडे निघे. जाताना हातात पाटी नाही, कोयती नाही. येताना कालवं नाहीत की लाकूडफाटा नाही. वाडीतलं माणूस कामाशिवाय पाऊल उचलत नसे, त्यामुळे हे कुणाला उमगेना.

त्या वर्षी चाच्यांनी वाडीच्या दोन होड्या लुटल्या. दोन्ही वेळा मंगळवारी, संभूच्या फेरीच्या दुसऱ्याच दिवशी. मग संभू दिसला की माणसं बोलायची थांबू लागली. येसूचा थोरला भाऊ बाबल वाडीचा तांडेल, म्हणजे होड्यांचा म्होरक्या होता. त्याने बहिणीला बोलावलं.

"गो येसू, तुझो घोव थंय कोणाक भेटता?"

"कोणाक नाय. फिराक जातत."

"फिराक? घाटार वाटो कमी पडल्यो काय?"

येसूला हसू आलं नाही. तो संशय तिच्याही मनात शिरला होता, असे सांगतात. पुढच्या सोमवारी ती खडकांच्या आडून नवऱ्यामागे गेली. संभू बेटाच्या टोकावर बसला, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि नुसता बसून राहिला. बऱ्याच वेळाने दूर एक शीड दिसलं, आणि त्याने हात वर केला. येसू तशीच मागे फिरली.

घरी तिने विचारलं, "हात कोणाक दाखवलात?"

"पाखरू डोस्क्यावर बसाया बघत हुतं," तो म्हणाला. "तू मागं आली हुतीस व्हय? मग हाक न्हाई मारायची? बसलो असतो दोघं."

तिला विश्वास ठेवावासा फार वाटला. ठेवता आला नाही.

रविवारी संध्याकाळी वाडी बाबलच्या अंगणात जमली. संभूला हाकलायचं, हे जवळजवळ ठरूनच माणसं आली होती. बेटावर कशाला जातोस, असं विचारल्यावर तो म्हणाला, "चालाया बरं वाटतं." त्यावर अंगणात कुजबुज वाढली. येसूच्या मनात आलं, तो खरंच चाच्यांचा माणूस असला, तर त्याला वाचवणं म्हणजे भावाच्या जिवाशी खेळणं. नसला, तर निष्पाप माणूस देशोधडीला लागणार. येसू उभी राहिली.

"त्यांचो नवस आसा. देवीक वाट बांधून देवची, दर खेपेक एक धोंडो."

"इतके दिस सांगलंस नाय तां?" बाबलने विचारलं.

"नवस कोण सांगता?"

"आनि धोंडे खंय गेले?"

"लाटांनी व्हरले."

 येसू खोटं बोलतेय हे बाबलला कळलं होतं, असेही काही जण म्हणतात. शेवटी तो एवढंच म्हणाला, "उद्या बघूया."

आजही बेटाकडे निघालेला माणूस किनाऱ्यावर वाकून धोंडा उचलतो आणि कुणी विचारलं तर नवस आहे म्हणून सांगतो. येसूने नवऱ्याला नंतर खरं काय ते विचारलं का, हे रुक्माजींनाही ठाऊक नाही.

त्या सोमवारी सकाळी पाणी ओसरलं, तेव्हा येसूने एक धोंडा संभूच्या हातात दिला, एक स्वतः घेतला आणि वाडीच्या देखत त्याच्याबरोबर चालत गेली. बेटावर कुणीच नव्हतं. दोघं टोकावर बसली. थोड्या वेळाने बाबलही एक धोंडा घेऊन आला आणि त्यांच्या शेजारी बसला.