पाहुण्याची घागर

फार फार वर्षं झाली. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि सगळ्या गावाला प्यायला एकच तळं होतं. त्यातच म्हशी डुंबायच्या, तिथंच धुणी व्हायची आणि तेच पाणी फडक्यातून गाळून माणसं प्यायची. दर पावसाळ्यात चार-दोन पोरं हगवणीनं जायची.

पण गाव मोठं मानी. पाहुण्याला गढूळ पाणी कसं द्यायचं? म्हणून डोंगरापलीकडच्या झऱ्यावरून रोज एक घागर यायची. बायका पाळीपाळीनं आणायच्या. सकाळी निघालेली बाई दुपारी परतायची. घागर चावडीत झाकून ठेवायची, पाहुणा आला की गुळाचा खडा आणि ते नितळ पाणी द्यायचं. गावातल्या कुणी तिला तोंड लावायचं नाही, डोक्यावरून वाहून आणणारीनंही नाही. मला तर हे सांगतानासुद्धा संताप येतो.

राजाचा अंमलदार दर वर्षी पाहणीला यायचा. कोणत्या गावाला विहीर द्यायची ते त्याच्या वहीवरून ठरायचं. तो चावडीत बसायचा, पाणी प्यायचा, मिशा पुसायचा आणि म्हणायचा, "काय गोड पाणी आहे तुमच्या गावचं." पाटील हात जोडून हसायचा. अंमलदार लिहायचा, 'पाण्याची ददात नाही.' उठून तळ्यापर्यंत चार पावलं चालावं, एवढंही त्या मेल्याला सुचलं नाही. अशी सात वर्षं गेली.

आठव्या वर्षी अंमलदार यायचा त्याच दिवशी घागरीची पाळी सारजेची होती. तिचा थोरला मुलगा आदल्या पावसाळ्यात हगवणीनं गेला होता. आता धाकटी ठकी तशीच पडली होती, तीन दिवस पोटात काही ठरत नव्हतं. वैद्यानं सांगितलं होतं, "तळ्याचं पाणी बंद कर. नितळ पाणी मिळालं तरच पोर वाचेल."

सारजा डोंगर उतरून थेट चावडीत आली. म्हणाली, "पाटील, आजची घागर माझ्या ठकीला द्या."

"आज? अगं, अंमलदार वेशीपाशी आलाय. तू दुसरी खेप कर की."

"दुसऱ्या खेपेला दिवस मावळेल. तोवर पोर राहायची नाही."

"पोरं काय, होतात आणि जातात. गावाची अब्रू गेली तर परत येत नाही, सारजे."

पाटील अंमलदाराला सामोरा जायला वळला. डोक्यावरची घागर तशीच घेऊन सारजा घरी गेली आणि ठकीला चमच्या-चमच्यानं पाणी पाजत बसली. पोरीनं डोळे उघडल्यावर तिला शेजारणीकडे सोपवली. मग तळ्यावर जाऊन तांब्या भरला, पाणी गाळलंसुद्धा नाही, आणि तो चावडीत अंमलदारापुढे ठेवला. शेजारी गुळाचा खडाही ठेवला.

अंमलदारानं एक घोट घेतला आणि थुंकून टाकला. "हे काय पाणी आहे?"

"बाई वेडी आहे, सरकार," पाटील घाईघाईनं म्हणाला.

"हेच गावचं पाणी," सारजा म्हणाली. "सात वर्षं तुम्ही प्यालात ते पाहुण्याचं. हे पिऊन माझा मुलगा गेला, मुलगी घरात पडलीय. तुम्हाला एक घोट गिळवेना, आम्ही जन्मभर गिळतोय. लिहा आता वहीत."

"गावाचं नाक कापलंस," पाटील ओरडला.

तेवढ्यात चावडीत जमलेल्या लोकांतून एक म्हातारी उठली. "माझे दोन नातू गेले," ती म्हणाली. मग दुसरी उठली. मग माना खाली घालून बसलेले बापही बोलू लागले.

अंमलदार पहिल्यांदाच तळ्यावर गेला. म्हशी डुंबत होत्या. त्यानं वहीतलं जुनं सगळं खोडलं.

पुढच्या उन्हाळ्याआधी गावात दगडी बांधणीची विहीर झाली, गुरांना वेगळा हौद झाला. त्या पावसाळ्यात एकही पोर गेलं नाही. डोंगर चढण्यात ज्यांचे अर्धे दिवस जायचे, त्या बायकांनी परसात वांगी-मिरच्या लावल्या. वैद्याला दुपारची झोप मिळू लागली.

अंमलदार पुन्हा आला तेव्हा पाटलानं घाईनं तांब्या उचलला. सारजेनं तो त्याच्या हातातून घेतला आणि आधी ठकीला पाजला. अंमलदार मुकाट्यानं थांबला.

सारजेच्या थोरल्याला मात्र विहीर उशिराच झाली. त्या सात वर्षांत किती पोरं गेली, असं कुणी विचारलं, तर पाटील शेवटपर्यंत जमिनीकडे बघायचा.

तात्पर्य: झाकून ठेवलेलं दुःख कुणी दूर करत नाही, आणि लेकरांना तहानलेलं ठेवून राखावी लागते, ती अब्रू गेलेलीच बरी.