गव्यांना दिलेला कौल

कुंडलगडच्या निशाणावर गवा होता, पण गायरानात एकही उरला नव्हता. तीन पिढ्यांच्या राजांनी मिळून बरेचसे शिकारीत संपवले होते, उरलेसुरले डोंगरापलीकडे पळाले होते. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नाही. पण शेजारच्या राजानं भर पंगतीत विचारलं, "तुमच्या निशाणावर ते काय आहे हो? म्हैस का?" आणि महाराज भरल्या पानावरून उठले.

दुसऱ्या दिवशी गावाला हुकूम सुटला. दसऱ्याला गायरानात गवे चरताना दिसले पाहिजेत. दोर लावायचा नाही, खड्डा खणायचा नाही, आपल्या पायांनी आले पाहिजेत. आले, तर ते चरतील तोवर गायरान गावाचं. नाही आले, तर सरकारजमा, आणि तिथं घोड्यांच्या शर्यती.

गावची सगळी गुरं त्या गायरानावर जगत होती. पाटील दरबारात जाऊन रडले, महाराज बधेनात. मुदपाकखान्यात दूध घालून परतणारी येसू गवळण, कडेवर पोर घेऊन, खांबाआडून ऐकत होती. आपण बोललो ते शहाणपण होतं की आगाऊपणा, हे तिला नेहमी घरी गेल्यावर कळायचं. आजही तोंड आधी उघडलं.

"सरकार, ओस पडलेलं गाव थोरले महाराज कसं वसवायचे?"

निदान पोराला तरी सासूबाईंकडे ठेवून यायला हवं होतं, असं येसूला वाटून गेलं.

"कौल द्यायचे," महाराज म्हणाले. "पळालेल्या रयतेला शब्द. परत या, सारा माफ, सरकारचा माणूस त्रास देणार नाही."

"मग गवेही पळालेली रयतच की! त्यांनाही द्या कौल."

महाराजांना गंमत इतकी आवडली, की त्यांनी बाजारात दवंडीच पिटवली: गव्यांना गवत माफ, पाणी माफ, सरकारचा माणूस केसालाही धक्का लावणार नाही. शब्द दिला म्हटल्यावर मचाणं उतरली, रान उठवणारे हाकारे घरी बसले, शिकारी कुत्री बांधली गेली. गावानं पाणवठ्याच्या कपारीत, पाऊस न लागणाऱ्या कातळावर, गव्यांना चाटायला मीठ पसरलं. येसू रोज पाहून यायची. मीठ जसंच्या तसं. तिला जेवण जाईना. पोराला खोकला झाला, तोही तिला गव्यांमुळेच झाल्यासारखा वाटला.

आणि भाद्रपदात एका सकाळी कातळ चाटून लख्ख झालेला दिसला.

दसऱ्याला अख्खा कळप गायरानात चरत होता. काळेभोर, धिप्पाड, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. मुद्दाम बोलावलेला शेजारचा राजा बघतच राहिला. महाराज फुलले, आणि त्यांनी बंदूक मागवली.

"एकच," ते म्हणाले. "पाहुण्यांना नेम दाखवतो."

पाटलांनी डोळे मिटले. एक बार, की कळप डोंगरापार आणि गायरान शर्यतीला. येसू पुढं झालीच.

"मारा की, सरकार. फक्त आवाज जरा हळू काढा."

"का? गवे पळतील म्हणून?"

"गव्यांचं जाऊ द्या. खालच्या निम्म्या गावांतली माणसं सरकारच्या कौलावरच आलीत. कौल दिलेल्याला सरकार गोळी घालतात, हे त्यांना ऐकू गेलं, तर आज सीमोल्लंघनाला ती जी निघतील, ती सोनं वाटायला काही परत यायची नाहीत."

"येऊ देत," शेजारचा राजा मिशीत हसला. "आमच्याकडे जागा पुष्कळ आहे."

महाराजांनी पाहुण्याकडे पाहिलं, बंदुकीकडे पाहिलं, ती खाली ठेवली, आणि ते असे खदखदून हसले, की गव्यांनी माना वर केल्या.

गायरान गावाला कायमचं मिळालं, गवे असोत वा नसोत. येसूला महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून दिलं. पोरानं ते लगेच तोंडात घातलं. "अरे, कुठंकुठं लागलं असेल ते," म्हणत येसूनं ते ओढून घेतलं आणि महाराजांदेखत पदरानं खसाखसा पुसलं.