दक्षिणेकडचं घर

खाडीच्या काठी एका गावात एक निवृत्त पोस्टमास्तर राहत होते. गोपीनाथ बेलोसे त्यांचं नाव, पण सारं गाव त्यांना नुसतं मास्तर म्हणे. प्रत्येक गोष्ट आधी वहीत लिहायची आणि मग करायची, असा त्यांचा खाक्या. नोकरीत असताना एकदा त्यांच्या हाती मॉरिशसहून आलेलं पाकीट पडलं. त्याच्या तिकिटावर निळा समुद्र आणि हिरवागार डोंगर होता. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी बायकोला, मथुराबाईंना, शब्द दिला की निवृत्त झालो की तुला हे बेट दाखवीन. मथुराबाईंनी लग्न झाल्यापासून रत्नागिरीपलीकडचं जग पाहिलं नव्हतं. त्यांनी तो शब्द वीस वर्षं जपून ठेवला.

मास्तर निवृत्त झाले आणि कामाला लागले. पासपोर्ट झाले, विमानाची तिकिटं झाली. कुठल्या दिवशी कुठला किनारा बघायचा, लाडू कुठल्या पिशवीत आणि गोळ्या कुठल्या, पाऊस आला तर काय, नाही आला तर काय, सगळं वहीत उतरलं. जो भेटेल त्याला मास्तर ती वही वाचून दाखवत. शेवटी शेवटी लोक त्यांना लांबून बघूनच वाट बदलू लागले.

निघायला सहा दिवस उरले तेव्हा मथुराबाईंनी सहज पंचांग उघडलं. निघायचा दिवस नेमका अवसेचा. एवढा हुशार माणूस, वहीत डासांचं मलमसुद्धा लिहिलेलं, आणि तिथी तेवढी बघायची राहिली! अवसेला मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही, असं मथुराबाईंनी स्पष्ट सांगितलं. तिकिटं आता बदलून मिळत नव्हती. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं.

गावच्या भटजींनी उपाय सांगितला. तो जुनाच होता. प्रस्थान ठेवायचं. म्हणजे आधीचा एखादा चांगला दिवस बघून प्रवासात न्यायची एक वस्तू, मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड फडक्यात बांधायचं आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या घरात नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं की माणूस निघालाच असं धरतात. मग अवसेला त्या घरातून ते उचलून खुशाल पुढे जावं. मास्तर हरखले. वही उघडून लिहायला बसले की बेट दक्षिणेला, तेव्हा घरही दक्षिणेकडचं. आणि तिथे त्यांची पेन्सिल अडली.

दक्षिणेला एकच घर होतं, धाकू साळव्याचं. त्यापुढे खाडी. धाकू काथ्याचे दोर वळायचा, आणि त्याच्याशी मास्तरांचा अकरा वर्षं अबोला होता. कारण म्हणाल तर एक शेवग्याची फांदी. धाकूच्या कुंपणालगतच्या झाडाची ती फांदी मास्तरांच्या छपरावर टेकत होती. मास्तरांनी ती न विचारता तोडली, तीही शेंगांनी लगडलेली. धाकू चिडून म्हणाला की दुसऱ्याचं पत्र उघडू नये एवढं तुम्हाला कळतं, मग दुसऱ्याचं झाड तोडू नये हे कसं कळत नाही? मास्तरांच्या ते जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं. त्यांनी त्याच दिवशी दक्षिणेची खिडकी लावून घेतली, ती पुन्हा उघडली नाही.

आता मास्तर पळवाटा शोधू लागले. गाठोडं आपल्याच गोठ्यात ठेवू, तो दक्षिणेलाच आहे, असं म्हणून पाहिलं. ते आपलंच छप्पर, असं मथुराबाई म्हणाल्या. मग दक्षिणेलाच, जरा बाजूला असलेल्या शाळेच्या पडवीत? भटजींनी मान हलवली, चूल पेटणारं घर लागतं म्हणाले. शेवटी मास्तर वैतागले. बेटावर नाही गेलो म्हणून कुणाचं काय अडणार आहे, असं म्हणून त्यांनी वही मिटली. मथुराबाई उठल्या. प्रवासासाठी घेतलेली नवी साडी त्यांनी पुन्हा ट्रंकेत ठेवली.

"बेटाचं मला एवढं नाही," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "पण अकरा वर्षं त्या खिडकीतून वारा आला नाही, ते सोसत नाही हो. पार्वती तिथे राहते, आणि ती बरी आहे की आजारी, हे मला तिच्या खोकल्यावरून ओळखावं लागतं."

पार्वती म्हणजे धाकूची बायको. एके काळी दोघी एका पाटावर बसून पापड लाटत. मास्तरांना हे आठवलं आणि स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशीची तिथी चांगली होती. सकाळीच त्यांनी स्वतःच्या हाताने ट्रंकेतली साडी काढली आणि गाठोड्यात बांधली. धाकूशी काय बोलायचं ते वहीत पाच ओळींत लिहिलं. दोन घरांमध्ये जेमतेम चाळीस पावलांचं अंगण. सातासमुद्रापारचा बेत आखणारे मास्तर त्या कुंपणापाशी तीनदा थांबले.

धाकू ओट्यावर दोर वळत बसला होता. त्याने गाठोडं पाहिलं आणि तो समजला. मास्तरांनी वही उघडली. पण चष्मा घरीच राहिला होता, एक अक्षर दिसेना. मग मनात होतं तेच तोंडातून आलं.

"धाकू, ती फांदी मी विचारून तोडायला हवी होती. चूक माझी होती."

धाकूने दोर खाली ठेवला. गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं, आत देवापाशी ठेवलं आणि बाहेर येऊन छपराकडे बोट दाखवलं.

"फांदी दुसऱ्याच वर्षी फुटली, मास्तर. कधीची पुन्हा तुमच्या छपराला टेकली आहे. तुम्ही इकडे बघायचं सोडलंत, म्हणून दिसली नाही."

मास्तरांनी वर पाहिलं. शेंगा लोंबत होत्या. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

अवसेच्या सकाळी दोघं धाकूच्या घरातून गाठोडं घेऊन निघाली. पार्वतीने दोघांच्या हातावर दही घातलं आणि मथुराबाईंना बराच वेळ सोडलं नाही. आठ दिवसांत त्यांनी निळा समुद्र पाहिला, हिरवे डोंगर पाहिले आणि दोघं सुखरूप परत आली. एवढ्या प्रवासात अवघड काय गेलं, असं कुणी विचारलं की मास्तर दक्षिणेच्या उघड्या खिडकीकडे हात करत आणि म्हणत, हे एवढं अंगण.

तात्पर्य: सातासमुद्रापार जायचा बेत आखणाऱ्याने आधी शेजाऱ्याच्या पायरीपर्यंत जाऊन यावं, आणि ज्याची चूक असेल, पहिलं पाऊल त्यानेच टाकावं.