डालग्याखालचा चुन्या

सोनकी नावाची एक पोर होती. आईबाप नव्हते, पायात चप्पल नव्हती, आणि एका जागी बूड टेकत नव्हतं. मावशीकडे राहायची. मावशी बांबूच्या टोपल्या विणायची. घर म्हणजे एकच खोली, आणि ती टोपल्यांनी भरलेली.

सोनकीने ससा पाळला होता. चुन्यासारखा पांढराशुभ्र, म्हणून नाव चुन्या. गुलाबी गुलाबी नाकुली, मऊ मऊ कानुले, डोळे म्हणजे डाळिंबाचे दाणे. दिसायला गोड, पण दात वाईट. दिसेल ती टोपली कुरतडायचा.

मावशी म्हणाली, "तुझा हा मेला माझं पोट कुरतडतोय, सोनके. गप बसला तर राहील. नाहीतर बाजारात नेऊन देईन." आणि तिने कोंबडी झाकतात तसा त्याला डालग्याखाली झाकला. ससा म्हणजे कोंबडी नव्हे. पण मावशीला सांगणार कोण?

चुन्या आत गोल गोल फिरला. मागचा पाय धप धप आपटला. मग खाणंच सोडलं. खाणं सोडलेला ससा फार टिकत नाही, हे सोनकीला ठाऊक होतं.

उजाडल्या उजाडल्या ती पेरूच्या बागेत धावली, कोवळी हरळी आणायला. पात्यापात्यावर दवाचे मोती, निळे, जांभळे, सोनेरी. त्यातल्या एका मोत्यावर परी बसली होती. केवढी, तर करंगळीएवढी. चतुरासारखे पंख, त्यांवर चांदीचा भुगा.

"एवढी धापा का टाकतेस, बाळ?"

"माझा ससा खात नाही. परीताई, त्याला शांत बसव ना. मग मावशी त्याला ठेवून घेईल."

"बसवते. पण दव सुकायच्या आत एकदाच मागायचं. दिलेलं परत घेत नाही मी. आणि सशाला जे देईन, तेच तुलाही मिळेल."

"म्हणजे मी पण गप बसेन?"

"तो डालग्याखाली बसतो तश्शी. आधी बसून तर बघ."

सोनकी गुडघे पोटाशी घेऊन, मान खाली घालून बसली. पायाला मुंग्या आल्या. मान अवघडली. वर पेरूवर पोपटांचा हिरवागार थवा उतरला, पण तिला मान वर करता येईना. तिचा पाय आपसूक आपटला. धप.

ती ताडकन उठली. गवतावरचे मोती एकेक विझत चालले होते.

"परीताई, शांत नको करूस त्याला. पळायला जागा दे."

"आणि मावशीने बाजारात नेला तर?"

"मी रडेन. पण तो जगेल."

परी हसली. बारीक चांदीची घुंगरं वाजावीत तशी.

सोनकी घरी आली, तर मागच्या भिंतीला इवलंसं निळं दार. दारापलीकडे हिरवंगार परसू, पिवळी फुलं, गवत थेट ओढ्यापर्यंत. मावशी तोंड उघडं टाकून उभी. सोनकीने डालगं उचललं. चुन्या बाहेर आला, थबकला, आणि हवेत अशी गिरकी मारली की मावशी दोन पावलं मागे सरली. मग त्याने गवताला तोंड लावलं. कुरुम कुरुम.

"तिकडेच खा रे बाबा," मावशी म्हणाली. "टोपलीकडे फिरकलास तर याद राख. काय गं सोनके?"

पण सोनकी कुठली ऐकायला. ती पार ओढ्याशी पोचली होती.

परी चुन्याच्या कानावर क्षणभर टेकली, लख्ख उजेड झाला, आणि ती त्या उजेडात विरून गेली. चुन्याने कान झटकला आणि पुढचं पातं तोडलं.