कोंबडीखाली मोमो

बसा रे पोरांनो. मांडी घाला. मी नाही घालत. मला मग उठवायला सगळं घर लागतं.

एक होता उंदीर. एवढुस्सा. नाव टिचकू.

लिनमावशी मोमो करायची. मावशी आली लांबून, चीनहून. तिचा नवरा रंगाकाका आपल्याच आळीतला. मोमो मोजताना मावशी म्हणायची, "यी, अर्, सान!" रंगाकाका म्हणायचा, "वन, टू, थ्री!" ऐकून ऐकून कोंबडीला आलं. शेळीला आलं. पोपटाला आलं. मला? छे! माझं डोकं म्हणजे मडकं. वरून चकचकीत, आतून रिकामं.

एकदा मावशीनं टिचकूला दिला मोमो. यी, वन, एक! पांढरा. गोल. गरम गरम.

टिचकूनं उचलला. मोमो निसटला. गडगड गडगड गडगड... कुठं गेला? कोंबडी अंड्यांवर बसली होती. थेट तिच्या पोटाखाली!

"कोंबडीबाई, कोंबडीबाई, ऊठ ना! माझा मोमो दे ना!"

"मोमो कसला मेल्या? अंडं आहे माझं! कॉक कॉक कॉक!"

"अगं, मोमो आहे! मला भूक लागलीय!"

"मलापण लागलीय. खायला आण, तरच उठते. कणसं आण. अर्, टू, दोन!"

तुरुतुरु तुरुतुरु. टिचकू गेला शेळीकडे.

"शेळीबाई, शेळीबाई, कणसं दे ना!"

"कशाला रे?"

"अर्, टू, दोन कणसं कोंबडीला. कोंबडी उठेल. यी, वन, एक मोमो मिळेल!"

"बें! फुकट नाही. आधी पेरू आण. सान, थ्री, तीन!"

तुरुतुरु तुरुतुरु. टिचकू गेला पोपटाकडे.

"पोपटदादा, पोपटदादा, पेरू दे ना!"

"कशाला रे?"

"सान, थ्री, तीन पेरू शेळीला.
अर्, टू, दोन कणसं कोंबडीला.
कोंबडी उठेल. यी, वन, एक मोमो मिळेल!"

"विठू विठू! आधी मिरच्या आण. स्स, फोर, चार!"

मिरच्या कुणाकडे? टकल्या आजोबाकडे. म्हणजे माझ्याकडेच की!

तुरुतुरु तुरुतुरु. आला टिचकू.

"आजोबा, आजोबा, मिरच्या दे ना!"

"कशाला रे?"

"स्स, फोर, चार मिरच्या पोपटाला.
सान, थ्री, तीन पेरू शेळीला.
अर्, टू, दोन कणसं कोंबडीला.
कोंबडी उठेल. यी, वन, एक मोमो मिळेल!"

मी काय शहाणा? मी म्हणालो, "आधी भजी आण. मऊ मऊ. मला दात नाहीत."

"किती आणू?"

"बोटं आहेत तेवढी." आणि केला हात पुढं.

"वू, फाइव्ह, पाच!" टिचकू म्हणाला. बघा, उंदराला आलं!

तुरुतुरु तुरुतुरु. टिचकू गेला मावशीकडे. पोटात गुर्र गुर्र.

"मावशी, मावशी, भजी दे ना!"

"कशाला रे?"

"वू, फाइव्ह, पाच भजी आजोबाला.
स्स, फोर, चार मिरच्या पोपटाला.
सान, थ्री, तीन पेरू शेळीला.
अर्, टू, दोन कणसं कोंबडीला.
कोंबडी उठेल. यी, वन, एक मोमो मिळेल!"

मावशी हसली. खी खी खी.

"त्या आजोबाला? परवा त्याला भजी मोजायला बसवला. मोजता मोजता खाऊन टाकली! तू मोज बाबा. बरोबर मोजलीस तर ने."

टिचकूनं शेपटी ताठ केली. एकेका भज्याला हात लावला.

"यी, वन, एक!
अर्, टू, दोन!
सान, थ्री, तीन!
स्स, फोर, चार!
वू, फाइव्ह, पाच!"

"शाब्बास!" मावशी म्हणाली.

भज्यांच्या वासानं मीपण आलो होतो टिचकूच्या मागं. मागून डोकावलो. "मीपण मोजू का?"

"तुम्ही लांब बसा!"

बसलो बाबा लांब.

मग काय!

मावशीनं दिली भजी. मला. गुळुक गुळुक!
मी दिल्या मिरच्या. पोपटाला. कुटुक कुटुक. स्स! हाय हाय!
पोपटानं टाकले पेरू. शेळीला. टप टप टप!
शेळीनं दिली कणसं. कोंबडीला.
कोंबडी उठली. टुणकन!

खाली काय? मोमो! कोंबडीनं छान उबवलेला. अजून गरम गरम!

टिचकूनं घेतला एक घास. आत होता कोबी.

कोंबडी बघतच राहिली. चोचीतलं कणीस पडलं.

"अगं बाई! मी कोबी उबवत होते?"

शेळी हसली, बें बें! पोपट हसला. मीपण हसलो. एक भजं घशात अडकलं, मावशीनं पाठीत धपाटा घातला.

टिचकू नाही हसला. त्याचं तोंड भरलं होतं.

मोमो गेला पोटात, गोष्ट आली ओठात. आता तुम्ही मोजा, मी ऐकतो!