हेरंब खाली बसला तेव्हा

“म्हणजे आधी रक्तावर इलाज, मग छातीवर?” मुकुंदबुवांनी विचारलं.

“हो बुवा. खात्रीनं सांगतो.”

डॉक्टर हेरंब उभा होता. मठाची रीतच तशी. ज्याला उत्तर येतं त्यानं उभं राहून द्यायचं, ज्याला येत नाही त्यानं मुकाट खाली बसायचं. लहानपणी इथं बुवांच्या हाताखाली शिकताना हेरंब कधी बसला नव्हता. डॉक्टर झाल्यावर तर विचारूच नका!

बुवांच्या हातांवर काळेनिळे डाग उठत होते. रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी पडत होत्या. त्यातच फुप्फुसं आतून जाड होत चाललेली, चार पावलं टाकली की धाप. हेरंब रोज गोळी आणून चौरंगावर ठेवायचा आणि बुवा तिला शिवायचेही नाहीत. आम्हां मठातल्या सगळ्यांच्या जिवाला घोर लागला होता.

“गेल्या आठवड्यात आधी छाती म्हणाला होतास.”

“तेव्हाही खात्रीच होती...”

बुवा हसले. हसता हसता खोकला आला. तो थांबेचना. ओठ निळसर झाले, तसा हेरंबाचा चेहरा उतरला.

दम परतल्यावर बुवांनी विचारलं, “छातीत नेमकं काय बिघडलंय रे?”

“फुप्फुसाचा तुकडा काढून तपासला तर कळेल. पण रक्त थांबलंच नाही तर...”

“आणि ही गोळी?”

“रक्त सुधारेल. छातीलाही कदाचित उतार पडेल. पण हिनं प्रतिकारशक्ती कमी होते. छातीत जंतुसंसर्ग झाला, तर...”

“तर?”

हेरंबानं चौरंगावरची गोळी उगाच सरळ केली.

“बरं, आजार दोन आहेत की एकच?” बुवांनी विचारलं.

हेरंबानं बुवांकडे पाहिलं, चौरंगाकडे पाहिलं.

मग तो खाली बसला. कडक इस्त्रीची पँट, तसाच धुळीत.

“माहीत नाही, बुवा.” त्याचे डोळे भरले होते. “काहीच कळेनासं झालंय. गोळी दिली तरी सारखं रक्त तपासावं लागेल, छाती ऐकावी लागेल. चुकतोय असं वाटलं तर बदलावं लागेल. मला भीती वाटते.”

बुवांनी डागाळलेला हात पुढे केला.

चौरंगावरची गोळी द्यायला हेरंब गडबडीनं उठू लागला.

“उठू नकोस,” बुवा म्हणाले. “बसूनच दे.”